खिडकीबाहेरची संध्याकाळ

८ जानेवारी

व्याहीबुवा,

ही बातमी फोनवरही सांगता आली असती. पण फोनवर तुम्ही नुसतं "बरं, बरं" म्हणता आणि पुढच्या क्षणी माझी लेक तुमच्या हातून फोन काढून घेते. सासऱ्याशी असं वागावं का, ते तुम्ही आणि तुमची सून बघून घ्या, मी त्यात पडत नाही. मला ही गोष्ट सावकाश सांगायची आहे, म्हणून पत्र.

मला सन्मान मिळतोय. हसू नका. "सिनेमा आणि टेलिव्हिजनच्या संस्कृतीतल्या आजीवन योगदानासाठी." सांगायला ज्या बाई आल्या होत्या त्यांनाही हे नाव एका दमात म्हणता येईना. मला वाटलं, दार चुकलं. वरच्या मजल्यावर एक जुने नट राहतात, मी त्यांचा जिना दाखवायला निघाले. तर त्या म्हणाल्या, "आभाळबाई तुम्हीच ना? मग बसा."

बसले. अहो, जिने जन्मभर स्टुडिओतल्या खोट्या खिडक्यांबाहेर खोटं आभाळ रंगवलं, तिचा सन्मान! नटांचे चेहरे सोडून त्यांच्या खांद्यामागे कोणी बघतं, हेच मला माहीत नव्हतं. आणि काय बघितलं म्हणे? आपल्या त्या मालिकेतली संध्याकाळ. ते घर, ती बैठकीची खोली, ती मोठी खिडकी, आणि बाहेर ती वेळ, जेव्हा दिवसही संपलेला नसतो आणि घरात दिवाही लागलेला नसतो. बाई सांगत होत्या की त्या लहान असताना मालिका सुरू झाली की त्यांच्या घरी कोणी उठून दिवा लावायचं नाही. खिडकीतल्या त्या उजेडात सगळे बसून राहायचे. मी ऐकत राहिले. दुसऱ्याच कोणाच्या तरी स्वप्नाबद्दल त्या बोलतायत असं मला वाटत होतं.

आता मुद्द्याचं. समारंभ वीस मार्चला. मंचामागे अख्ख्या रुंदीचा पडदा लावायचा, त्यावर तीच संध्याकाळ, आणि ती मीच रंगवायची. मी हो म्हणून बसले. गुडघे नाही म्हणतात, पण त्यांना कोण विचारतं! उजेड मात्र तुम्ही करायचा. त्या मालिकेत माझ्या आभाळावर इतकी वर्षं तुम्हीच उजेड टाकलात. आता या वयात दुसऱ्या कोणाला शिकवत बसू?

आणखी एक. लेक माझ्या डोळ्यांच्या हात धुऊन मागे लागली आहे. दोन्हीकडे मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, फारच उशीर केलात. आधी उजवा, मग काही दिवसांनी डावा. समारंभाआधी निदान एक उरकून घ्यावा म्हणते, म्हणजे मानपत्र तरी वाचता येईल.

नातीला सांगा, आजी टीव्हीवर येणार आहे.

तुमची विहीण


१५ जानेवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. मग मुलाला आणि सूनबाईला मोठ्याने वाचून दाखवलं, सासऱ्याबद्दलचं वाक्य गाळून. नात विचारते, आजीच्या आभाळातून पाऊस पडतो का? मी म्हटलं, पाऊस नाही पडत, पण आजी गडगडते.

हा सन्मान तुम्हाला मिळायलाच हवा होता. मला किती आनंद झालाय ते मला नीट लिहिता येत नाही.

दुपारी जरा पडलो की मी अजून स्टुडिओत जातो. म्हणजे झोपेत. परवा मी तुमच्या पडद्याच्या मागे हरवलो होतो. पुढे तुमचं आभाळ, मागे नुसतं कोरं कापड, शिवणी, आणि वरून झिरपणारा उजेड. मी कापडाच्या कडेकडेने चालतोय, चालतोय, आणि कापड काही संपत नाही. भीती वाटत नव्हती. उलट आता हे असंच चालू राहावं असं वाटत होतं. तेवढ्यात पलीकडून तुमचा आवाज आला, "कोण आहे रे तिकडे? ढग हलतोय माझा!" झोपेत मी मोठ्याने हसलो म्हणे.

उजेड मीच करणार, ते विचारायलाही नको. फक्त एक विनंती आहे. मी येईपर्यंत त्या पडद्यावर दुसऱ्या कोणालाही दिवा टाकू देऊ नका. सहज म्हणूनसुद्धा नाही.

आणि डोळ्यांचं म्हणाल, तर एवढी घाई कशाला? केवढं मोठं काम अंगावर घेतलंय. त्यात पट्टी, थेंब, वाकायचं नाही, रंगाचा वास घ्यायचा नाही. समारंभ पार पडू दे. इतकी वर्षं थांबलात, आणखी दोन महिन्यांनी काय बिघडतंय? मी स्वतः येईन तुमच्याबरोबर दवाखान्यात.

तुमचा व्याही


२ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

जुन्या स्टुडिओचं गोदाम उघडून दिलंय मला. पडदा जमिनीवर अंथरला आहे आणि मी त्याच्यावर स्टूल ओढत फिरते. वर पत्र्याला एक काच आहे, तिच्यातून दुपारी ऊन येतं आणि पडद्यावरून हळूहळू सरकत जातं. ते सरकलं की मीही स्टूल सरकवते. कधीकधी मी कुठल्या वर्षात आहे हेच विसरते. वाटतं, आता चहाची घंटा होईल आणि तुम्ही शिडीवरून खाली याल.

अर्धं आभाळ झालंय. वरचा भाग छान उतरलाय, ढगांच्या कडा जशा हव्या तशा. काल समारंभवाल्यांचा दिव्यांचा माणूस मापं घ्यायला आला होता. चांगला पोक्त माणूस, पण डोक्यात काही नाही. तुम्ही नको म्हटलं होतंत, पण त्याने न विचारताच पांढरा झोत टाकला आणि मला म्हणतो, "बाई, वाळवंटातलं वादळ काय झकास आलंय!" वाळवंट! मी त्याची अशी खरडपट्टी काढली की बिचारा मापं अर्धवट टाकून पळाला. अशा लोकांच्या हाती आता सगळा कारभार आहे.

तुमच्याबद्दल मात्र मी दोन दिवस विचार करतेय. पत्रात तुम्ही आनंद झाला म्हणता, आणि खाली लगेच दहा अटी. माझ्याशिवाय दिवा नको, डोळे करू नका. लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "बाबा हल्ली गप्प गप्प असतात, सन्मानाचा विषय निघाला की उठून जातात." मग माझ्या लक्षात आलं. स्पष्ट लिहिते, रागावू नका. आपण दोघांनी सारखंच काम केलं आणि मंचावर मी एकटी जाणार, हे तुम्हाला लागलंय ना? लागणारच. मला लागलं असतं. तुम्ही तसं म्हणालात तर समितीच्या बाईंशी मी बोलेन. पण ते पोटात ठेवून माझ्या डोळ्यांना आडवे येऊ नका.

तारीख घेतली आहे. पुढच्या आठवड्यात उजवा डोळा.

विहीण


७ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुम्ही समजता तसं नाही. मंचावर चढायची मला हौस असती तर मी शिडीवर कशाला चढलो असतो?

तारीख पुढे ढकला. एवढं माझं ऐका. कारण मला लिहिता येत नाही, समोरासमोरही सांगता येईल की नाही माहीत नाही. मी नेहमी फार काही मागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

नाहीच ढकलली, तर निदान मी येईपर्यंत त्या गोदामात जाऊ नका.

तुमचा व्याही


२४ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

गेले.

क्रमाने सांगते. पट्टी काढली तेव्हा मला वाटलं, कोणी तरी खोली धुऊन काढली आहे. नर्सचा कोट एवढा पांढरा की मी डोळा मिटून घेतला. घरी आले तर माझी भिंत पांढरी! ती साईच्या रंगाची झाली म्हणून मी मागे रंगाऱ्याशी भांडले होते, त्याला पुन्हा हात मारायला लावला होता. दुधाला निळसर झाक असते, हे मी विसरूनच गेले होते. खिडकीबाहेरच्या तारेवर कोणाचा तरी शर्ट वाळत होता, निळा. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि संध्याकाळपर्यंत तो शर्ट बघत राहिले. शेजारीण विचारून गेली, बरं आहे ना?

डावा डोळा अजून जुनाच आहे. त्यामुळे मला एक खेळ सापडला. हाताने डावा झाकला की सकाळ, उजवा झाकला की सगळं मुरलेलं, सोनेरी. एकच खोली, एकच खुर्ची, आणि दोन वेगळी जगं. चार दिवस मी घरभर असाच हात फिरवत होते. झोपेत असल्यासारखे दिवस होते ते. खूप सुंदर होते.

मग काल गोदामात गेले.

व्याहीबुवा, त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. वाळवंटच आहे ते. पिवळाधमक, कावीळ झालेला पडदा. ढग मातकट, आणि निळा तर औषधालाही नाही. आता कळतं, निळा घातला की तो मला काळपट दिसायचा, म्हणून मी तो कमी कमी करत गेले. आणि पिवळा मला पांढराच वाटायचा. मग मी मागच्या खोलीतले जुने पडदे उलगडले. मालिकेची पहिली दोन-तीन वर्षं ठीक आहेत. पुढचा प्रत्येक पडदा आधीच्यापेक्षा पिवळा. मी जमिनीवर बसले ती बराच वेळ उठलेच नाही.

घरी येऊन मालिकेची जुनी टेप लावली आणि डावा डोळा झाकला. तिथे, त्या खिडकीत, वाळवंट नाही. तिथे ती संध्याकाळ आहे. राखाडी, किंचित जांभळी, मऊ, जिच्याबद्दल त्या समितीच्या बाई बोलत होत्या.

ती कोणी केली, हे विचारायला नको. तुम्ही. दिव्यापुढे कागद लावून, रोज, मला कळू न देता. स्टुडिओत सगळे मॉनिटरमध्ये बघतात, पडद्याकडे बघतं कोण? एक मी बघत होते, आणि मला दिसत नव्हतं.

मला फार लाज वाटते आहे. तुमचा फार राग येतो आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलंत. नाही, सगळ्यांनी नाही, तुम्ही एकट्याने. सांगा मला, हा सन्मान कोणाचा आहे? समितीला नकाराचं पत्र लिहिते आहे.


२८ फेब्रुवारी

विहीणबाई,

ते पत्र टाकू नका. आधी हे वाचा, मग काय करायचं ते करा.

खरं आहे. मीच केलं. आणि तुम्ही कितीही रागावलात तरी मला त्याची लाज वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

एका सकाळी मी लवकर आलो होतो. तुमचा नवा पडदा टांगलेला होता आणि त्यावर कामाचा साधा दिवा होता. मला वाटलं, बाईंनी आज पहाट काढली आहे. चित्रीकरणाचा कागद बघितला, तर प्रसंग संध्याकाळचा. तुम्ही आलात, पडद्यापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलात आणि मला म्हणालात, "बघा, आज निळा कसा बसलाय." निळा कुठेच नव्हता.

त्याच आठवड्यात नवे व्यवस्थापक आले होते, आठवतं? रंगवलेले पडदे बंद करून फोटो छापून लावायचे, असं त्यांच्या मनात होतं. त्यांना नुसतं निमित्त हवं होतं. मी शिडीवर चढलो आणि दिव्यांपुढे निळ्या जिलेटिनचा कागद लावला. एक पुरला नाही, दुसरा लावला. मग त्यावर हलका गुलाबी. आणि मग जे दिसलं, विहीणबाई, ते मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. तो तुमचा पिवळा आणि माझा निळा, दोघे एकमेकांत मरून गेले आणि मधेच काहीतरी तिसरं राहिलं. मी कितीतरी वेळा साध्या निळ्या पडद्यावर तसा उजेड करून बघितला आहे. होत नाही. दिव्याने रंग बदलतो, पण ढग कुठे विरतो आणि खाली किती रिकामं सोडायचं, हे दिव्याला माहीत नसतं. ते तुम्हाला माहीत होतं. डोळे मिटूनसुद्धा माहीत होतं.

मग रोज तसंच. तुमच्या आधी यायचं, पडदा बघायचा, आज किती पिवळं झालंय त्याचा अंदाज घ्यायचा आणि कागद लावायचे. तुम्ही यायच्या आत दिवे पेटलेले. मी त्या सकाळची वाट बघायचो. सुट्टीच्या दिवशी मला करमायचं नाही. तुम्ही निवृत्त झालात, मग मी छापलेल्या आभाळांवर उजेड टाकत चार-सहा महिने काढले आणि सोडून दिलं. त्यात बघायलाच काही नव्हतं. तुमच्याबरोबर काम करणं मला फार आवडायचं. एवढं साधं वाक्य मी तेव्हा कधी बोललो नाही.

डोळे दाखवा असं मी एकदा म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात, "तुम्ही तुमचे दिवे सांभाळा." तुमच्यापुढे पुन्हा बोलायची माझी टाप नव्हती.

तुमचा व्याही


६ मार्च

व्याहीबुवा,

नकाराचं पत्र अजून टेबलावर आहे. टाकलेलं नाही, फाडलेलंही नाही.

तुमचं पत्र चांगलं आहे. मी ते पुष्कळदा वाचलं. रडलेही, लेकीला सांगू नका. पण एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत, म्हणून मी लिहिते.

आपली नात झाली तेव्हा मी दवाखान्यात सगळ्यांना सांगत सुटले होते की पोर पिवळी दिसतेय, कावीळ तपासा. डॉक्टर हसले, लेक चिडली, तुमचा मुलगा घाबरून पुन्हा पुन्हा तिचं रक्त तपासून घेत राहिला. तुम्ही कोपऱ्यात उभे होतात. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही गप्प राहिलात. ह्यांच्या शेवटच्या आजारात ते म्हणायचे, बघ, माझी नखं निळी पडलीत. मी म्हणायचे, कुठे काय, छान आहेत. खरंच मला छान दिसायची. डॉक्टरांना मी जरा उशिराच बोलावलं. लवकर बोलावून काही झालं नसतं, असं सगळे म्हणतात. पण मी ते बघितलं असतं. मी त्यांना "कुठे काय" म्हटलं नसतं.

एकदा सांगितलंत आणि मी हाकललं, तर दुसऱ्यांदा सांगायचं होतं. दहा वेळा सांगायचं होतं. मी ओरडले असते, भांडले असते, बोलणं टाकलं असतं, आणि शेवटी गेले असते डॉक्टरकडे. माझं आभाळ वाचवलंत, पण माझे डोळे तसेच जाऊ दिलेत. तुम्हाला लाज वाटत नाही म्हणता, ठीक आहे. पण हेही तुमच्याजवळ असू द्या.

आता समारंभ. मी जाणार आहे, पण घ्यायचं ठरवून नाही. पडदा तसाच पुरा केला. उजवा डोळा झाकून, डाव्या जुन्या डोळ्याने, जसा मी तेव्हा रंगवला असता तसा. डाव्याचं ऑपरेशन पुढे ढकललं आहे, डॉक्टर ओरडले तरी. तुम्ही या आणि त्यावर तोच उजेड टाका. मी तो उजेड नीट कधी बघितलेलाच नाही. सगळ्यांनी बघितला, माझ्याशिवाय. मला तो मंचावर, सगळ्यांबरोबर बघू दे. ती संध्याकाळ माझी नाही असं मला तिथे वाटलं, तर मी तसं माइकवर सांगेन आणि सन्मान परत देऊन खाली उतरेन. त्यात तुमचं नाव खराब होणार नाही याची काळजी घेईन.

आधी भेटायला येऊ नका. भेटलो तर मी एकतर भांडेन, नाहीतर विरघळेन. दोन्ही नको आहे.

विहीण


२३ मार्च

विहीणबाई,

सुखरूप पोचलो. नातीला कांजिण्या आल्यामुळे मुलगा आणि सूनबाई येऊ शकले नाहीत, ते तुम्हाला कळलंच असेल. आता तिला उतार आहे.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी आधी भेटलो नाही. सकाळी सभागृह रिकामं असताना दिवे लावले. इतक्या वर्षांनी हाताला सगळं आठवत होतं, दोन निळे, वर हलका गुलाबी. माझी जागा सगळ्यात मागे, वर, दिव्यांच्या काचेच्या खोलीत. तिथे आवाज येत नाही, फक्त दिसतं.

तुम्हाला मंचावर आणलं. मानपत्र वाचत असावेत. मग मी हळूहळू संध्याकाळ आणली. आणि तुम्ही सभागृहाकडे पाठ फिरवलीत.

तुमची पाठ मी बराच वेळ बघत होतो. तुम्ही हात वर केलात, डोळ्यांकडे नेलात. सूत्रसंचालकाने माइक पुढे केला, तुम्ही मान वळवून काहीतरी थोडंसं बोललात. हात पुढे केला नाहीत. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढी माणसं, आणि एकही हात हलला नाही. तेव्हा मला कळलं. तुम्ही सांगून टाकलं होतं. ठरल्याप्रमाणे मी उजेड सावकाश काळोखापर्यंत नेला, कागद काढून ठेवले आणि मागच्या जिन्याने उतरून सरळ बसस्टँडवर गेलो.

तुमच्यावर राग नाही. नातीचं आणि व्याह्यांचं जे लिहिलंत, ते माझ्याजवळ आहे आणि राहील. तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, मी दहा वेळा सांगायला हवं होतं.

सूनबाई दोनदा काहीतरी सांगायला आली, मी "बरं, बरं" म्हणून खोलीत निघून गेलो. रविवारी टीव्हीवर दाखवणार आहेत म्हणे. मी बघणार नाही.

तुमचा व्याही


२६ मार्च

अहो व्याहीबुवा,

तुम्ही आणि तुमचं "बरं, बरं"! लेक फोनवर रडकुंडीला आली होती, बाबा काही ऐकूनच घेत नाहीत म्हणून. मीच तिला म्हटलं, राहू दे, मी लिहिते.

मी पाठ फिरवली, कारण संध्याकाळ माझ्या मागे होती. पुढे तोंड करून उभी राहिले असते तर मला काय दिसलं असतं, लोकांची टकली?

आधी मी डावा डोळा झाकला. आणि मला ती दिसली, पहिल्यांदा. मी तुम्हाला तिचं वर्णन करून सांगणार नाही, तुम्ही ती रोज करत होतात. एवढंच सांगते की मला वाटलं, इथे, या खिडकीत, आपण कधीतरी राहत होतो. मग मी उजवा झाकला. माझं जुनं, सोनेरी आभाळ, जसंच्या तसं. मग हात खाली घेतला आणि दोन्ही डोळ्यांनी बघायला लागले. माझं आभाळ कुठे संपतं आणि तुमचा उजेड कुठे सुरू होतो, ते मी शोधत होते. "हा सन्मान माझा नाही" हे वाक्य पाठ करून आणलं होतं. ते म्हणायचं तर निदान रेघ तरी सापडायला हवी ना! नाही सापडली. मी सगळा पडदा शोधला.

तेवढ्यात तो सूत्रसंचालक माइक घेऊन आला आणि सभागृहातले दिवे लावायला खूण करायला लागला. मी एवढंच बोलले: "जरा थांबा. इतक्यात दिवे लावू नका."

म्हणून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे बसून राहिले, तुम्ही काळोख आणेपर्यंत. किती हळू आणलात! कोणी खोकलंसुद्धा नाही. पार अंधार झाल्यावर मी हात पुढे केला आणि ते सन्मानाचं पितळी चिन्ह घेतलं. अंधारात देणाऱ्याला माझा हात सापडेना, त्याने ते आधी माझ्या खांद्याला लावलं. तुम्हाला ते दिसणं शक्यच नव्हतं.

राग अजून थोडा आहे. तो जाईल असं वाटत नाही, आणि गेला नाही तरी चालेल, आपण व्याही आहोत. डाव्या डोळ्याची तारीख दहा एप्रिल आहे. तुम्ही बरोबर येणार म्हणाला होतात. त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्या गच्चीवर बसू, खरं आभाळ बघू, आणि मला जे दिसत नसेल ते तुम्ही मला सांगायचं. सगळं सांगायचं. मी ओरडले तरी थांबायचं नाही.

रविवारी टीव्ही लावा. दिवे लागल्यावर मी माइक मागून घेतला आणि सांगितलं की ही संध्याकाळ आम्हा दोघांची आहे. मग तुमचं नाव घेतलं आणि मागे वर काचेच्या खोलीकडे बोट दाखवलं. सगळं सभागृह उठून उभं राहिलं आणि मागे वळलं. कॅमेराही वळला. टाळ्या थांबेनात, आणि मी आपली वर बघत उभी. काचेमागे दिवा चालू होता, खुर्ची होती, आणि खुर्चीत कोणी नव्हतं.

अहो, एवढी कसली घाई होती?

तुमची विहीण